दाजी, लेवटे आले का?

दाजी, सुतकात हसू नये एवढं मलाही कळतं. पहिले दहा दिवस मी रडलोय, कोणालाही विचारा. उधन्याच्या आपल्या गल्लीत बायका अजून सांगतात की बायको गेली असती तर माधव इतका रडला नसता. हे माझ्या बायकोच्या कानावर गेलं आणि दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पण परवा खाडीवरून परत आलो आणि तेव्हापासून मला राहून राहून हसू येतंय. चहा पिताना येतं, मागावर धागा जोडताना येतं. तुम्ही मला फसवलंत. मेव्हण्याला फसवणं हा दाजीचा हक्क आहे, मान्य. पण त्याला काही सुमार असतो की नाही? तुम्ही समोर असतात तर दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. आता लिहून भांडावं लागतंय.

ताईचा हात धरून तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी लहान होतो, त्यामुळे आपली खरी ओळख सुरतेतच झाली. प्रकाशा क्षेत्राच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर तुमचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या भोयाचं काम, होडी आणि जाळं. नदी उन्हाळ्यात आटायला लागली तसं जाळं गुंडाळून तुम्ही उधन्याला लूमखात्यात लागलात आणि मागून मलाही ओढलंत. दिवसभर सहा मागांची खटखट, घरी आलो तरी कानात तीच. आठवड्यातून एक दिवस आपल्या भागाची वीज बंद असायची, तीच आपली सुट्टी. बाकीचे खानदेशी त्या दिवशी झोपा काढायचे नाहीतर पत्ते कुटायचे. तुम्ही सायकल पुसायचात आणि म्हणायचात, "चाल माधू, तापी देखी येऊत." जणू काही ती आपली आजारी नातेवाईक होती आणि सुरतेत दवाखान्यात पडली होती.

पहिली खेप मी मरेपर्यंत विसरणार नाही. मगदल्ल्याच्या पुढे, डुमसच्या अलीकडे, जिथे पाणी रुंद होतं आणि नुसता चिखल दिसतो, तिथे तुम्ही जाळं लावलंत. दोन खुंट ठोकलेत, जाळ्याचं तोंड नदीच्या वरच्या बाजूला केलंत. भोयाला ते शिकवावं लागत नाही. पाणी वरून येतं, मासा पाण्याबरोबर येतो, जाळ्यात शिरतो. धोतर काढून चिखलावर ठेवलंत, शेजारी चपला, चपलांवर भाकरीचा डबा, आणि मला सांगायला लागलात की या सुरतेच्या लोकांना नदी कळतच नाही, एवढं पाणी असून एक माणूस जाळं लावत नाही. तुमचं बोलणं चालू असतानाच जाळ्याचं पोट उलटं झालं. मी पाहिलं, पण तुम्ही मोठे, म्हणून बोललो नाही. मग तुम्ही वळून पाहिलंत. पाणी समुद्राकडून आत येत होतं, आणि चालत नव्हतं, धावत होतं.

लंगोटीवर उभे राहून तुम्ही ओरडलात, "नदी फिरनी रे माधू! नदी घर चालनी!" आणि खरंच तुमचं धोतर, चपला आणि ताईने दिलेल्या भाकऱ्या आपल्या डोळ्यांदेखत खानदेशाच्या दिशेने निघाल्या. जन्मभर एका नदीवर काढलेला माणूस, आणि भरती म्हणजे काय ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होता. मला इतकं हसू आलं की मी चिखलात बसलो आणि बसलेला निघेना. तिकडे काठावर एक माछी बाई खेकडे धरत होती. ती धनीबेन. ती आधी पोटभर हसली, मग तिचा आवाज बदलला. "बार नीकळो, भाई, भरती छे," म्हणत तिने लांब काठी पुढे केली आणि आपल्या दोघांना ओढून काढलं. तिनेच दिलेलं गोणपाट कमरेला गुंडाळून तुम्ही उधन्यापर्यंत सायकल मारलीत. ताईने दार उघडलं, तुम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं आणि फक्त विचारलं, "डबा कोठे शे?"

दुसरा कोणी असता तर परत त्या बाजूला फिरकला नसता. तुम्ही पुढच्या सुट्टीला धनीबेनसाठी गूळ घेऊन गेलात आणि सरळ शिकवणी लावलीत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण का येतं, अष्टमीला पाणी का मरतं, कोणत्या वाऱ्याला कोणता मासा आत येतो. खात्यात तुमच्या मागांच्या मागच्या भिंतीवर तुम्ही खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला लागलात. मास्तरला वाटलं तुम्ही आकडा लावता. त्याने तुम्हाला बाजूला घेऊन समजावलं की म्हातारपणी हे धंदे बरे नाहीत. तुम्ही मान डोलावलीत आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या आठवड्याच्या वेळा लिहिल्यात.

चेर, म्हणजे खारफुटी, तुम्हाला तिनेच दाखवले. मला आधी ती झाडंच वाटली नव्हती. खाऱ्या चिखलात उभी, जाडसर पानांची, आणि बुंध्याभोवती चिखलातून मुळं वर आलेली, बोटांएवढी, शेकड्याने. पाय ठेवायला जागा नाही. "हे लाकूड जळायलाही धड नसेल," मी म्हणालो होतो. पुढच्या वेळी खात्यातला डॅमेज निघालेला ग्रे, म्हणजे बिनरंगवलेल्या कापडाचा तुकडा घेऊन आलात, दोन्ही टोकांना काठ्या बांधल्यात, भरतीचं पाणी मुळांत शिरल्यावर एक टोक माझ्या हातात दिलंत आणि कापड मुळांच्या कडेने ओढलंत. वर काढलं तर कापडावर काहीतरी वळवळत होतं. नखाएवढ्या कोलंब्या, काचेसारख्या. बोय माशाची पिल्लं, ज्यांचे फक्त डोळे दिसत होते. खेकड्यांची लेकरं. एका लुगड्याएवढ्या कापडात गावच्या जत्रेइतका जीव होता. तुम्ही ते लगेच पाण्यात सोडलंत आणि माझ्याकडे असं पाहिलंत की जणू ती सगळी लेकरं तुम्हालाच झाली होती.

आणि लेवटे. ओहोटी लागली की चेरांच्या पुढच्या उघड्या चिखलावर ते बिळांतून बाहेर यायचे. मासा असून पाण्याबाहेर हिंडायचे, पोटाखालच्या पंखांवर सरपटत. डोळे डोक्यावर, पाठीवरचा पंख उभा करून एकमेकांवर चालून जायचे आणि हातभर उडी मारायचे. तुम्ही तासन्‌तास पाहत बसायचात. "आपला गल्लीना लोके शेतस हाई," म्हणायचात, आणि बोट दाखवून नावंही ठेवायचात. एक फुगलेला लेवटा आपला खातेमालक होता. एक सारखा बिळात आत-बाहेर करणारा मी होतो.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचो, दाजी, एवढा मोठा समुद्र, त्याला या चार झाडांची काय पडलीय? तुम्ही म्हणायचात, मासा राहतो समुद्रात, पण वाढतो इथे. एवढ्या मोठ्या पाण्यात एवढ्याशा जिवाला कोण जगू देईल? मी म्हणायचो, मग धनीबेनचा नवरा बोंबलासाठी दरवर्षी अधिक लांब का जातो, तिकडे तर चेर नव्हतेच कधी. हे ऐकलं की तुमची गाडी सुटायची. तिच्या नवऱ्याने सांगितलेलं तुम्ही मला सांगायचात: पाणी पूर्वीसारखं गार होत नाही, मोठी जहाजं यायला लागल्यापासून तळाचा गाळ जागा बदलतो, डुमसला समुद्र किनारा खात आत येतोय. आणि आपली तापी वर धरणात अडलेली, खाली रांदेरजवळही अडवायला घेतलेली, मग गोडं पाणी खाडीत येणार कुठून? गोड्या पाण्याच्या वासावर समुद्रातून वर येणारी चाकसी मासळी धनीबेनच्या सासूने टोपलीने विकली होती. आता एखादी मिळाली तर शेजारणी पाहायला येतात. "एक कारण नसस माधू," तुम्ही म्हणायचात. "पन हाई एक आपला हातमा शे." मी म्हणायचो, तुमच्या हातात सहा माग आहेत, ते बघा.

मग प्लेगचं वर्ष आलं. सगळी सुरत पळाली, आपणही गावी गेलो, परत आलो तर माझं खातं बंद. तुमचं चालू होतं, माझं नव्हतं, आणि दाजीच्या घरी दोन वेळा जेवणं मला जड जात होतं. तेव्हा एक शेठ खाडीकाठी कोलंबीची तळी करणार होता आणि त्याला मातीकामाला माणसं हवी होती. मी पंधरा खानदेशी गडी गोळा केले आणि मुकादम झालो. चेर तोडले, मुळं उपटली आणि खाडीच्या कडेने छातीएवढा बांध घातला. तिकडे त्याला पाळो म्हणतात. जागा कोणती हे मला माहीत होतं, दाजी. ते मी कधी नाकारलं नाही. पण खरं सांगतो, मला तेव्हा ते वाईट काम वाटलंच नाही. आपण कोरड्या मुलखातली माणसं. पाणी वाहून जाताना दिसलं की आपला जीव तळमळतो. गावाकडे ज्याने बांध घातला त्याचं नाव लोक तीन पिढ्या घेतात. त्या पंधरा जणांत एकाच्याही मनात आलं नाही की पाणी अडवणं हे पाप असू शकतं. पहिल्या दिवशी तर आम्ही नारळ फोडला होता. बांध पुरा झाला तेव्हा मी तुमच्याकडे पेढे घेऊन आलो.

तुम्ही पेढा हातात घेतलात, खाल्ला नाहीत, सायकल काढलीत. खाडीवर जाऊन बांध पाहून आलात. पुढे कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी फक्त कामापुरतं बोललात, आणि दाजीने मेव्हण्याची चेष्टा करणं थांबवलं तर घर किती सुनं होतं ते ताईला विचारा. तुम्ही एकदाच म्हणालात, "आपला गावले पानी आडावं ते पुण्य. आठे पानी येस आनि जास, त्याच्यावरच समदं जगस." मी म्हणालो, तळ्यातही पाणीच आहे. तुम्ही उठून गेलात.

तळी दोनच वर्षं चालली. कोलंबीला रोग आला, अंगावर पांढरे ठिपके पडून सगळी पाण्यावर तरंगली. शेठ निघून गेला, मी परत मागावर लागलो, बांध राहिला. आत पाणी येईना, चिखल भेगाळला, वर मीठ धरलं. लेवट्यांची बिळं बुजली. धनीबेनचे खेकडे गेले, आणि खाडीच्या तोंडाशी मिळणारी बोयही कमी झाली. एकदा ती मला डुमसच्या रस्त्यावर भेटली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिने फक्त टोपली तिरकी करून आतलं दाखवलं. तळाशी चार खेकडे होते.

त्याच आठवड्यात तुमच्या घरी बोयचं कालवण होतं. मी बसलो, ताईने वाढलं, मी पहिला तुकडा उचलला आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "मासास्ना पाळना तोडी टाका तू, आनि आते मासा खावाले बठना." दाजी, तेव्हा मला एकच शब्द बोलायचा होता. चुकलो. तीन अक्षरं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, माझ्या बापाला माहीत होता, सगळ्या उधन्याला माहीत आहे. मी ताट सरकवलं आणि गरजलो की जोवर त्या चिखलात लेवटा परत उडत नाही तोवर मी कोणताही मासा तोंडाला लावणार नाही, भोयाच्या पोटचा आहे मी. तुम्ही माझं ताट स्वतःकडे ओढलंत. "मरशी रे," म्हणालात आणि माझा तुकडाही खाल्लात.

पुढच्या उधाणाच्या आधी तुम्ही फावडी घेतलीत. धनीबेन, तिच्या वस्तीतले चार जण, तुम्ही, आणि मान खाली घालून मी. बांधाला दोन ठिकाणी तोंड पाडलं. मीच घातलेला बांध, किती घट्ट ठोकलाय हे मला फोडताना कळलं. भरती आली आणि पाणी त्या तोंडातून भेगाळलेल्या चिखलावर पसरलं, तेव्हा तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी त्याला आत या, आत या म्हणत होतात. पावसाळ्यात चेरांच्या बिया गळतात, वालाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्या गोळा करून ओळीने चिखलात लावल्या. त्यानंतर मी गेलो नाही. बिया ठेवायला पिशव्या शिवून दिल्या, बांबू आणून दिले, पण गेलो नाही. धनीबेनसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

त्याऐवजी दर सुट्टीच्या दिवशी तुम्ही परत आलात की दारात उभा राहून विचारायचो, "लेवटे आले का?" आणि तुम्ही चिखलाचे पाय धूत म्हणायचात, "अजून नही उनात." बाकी सगळं सांगायचात, अगदी रंगवून. पहिल्या वर्षी निम्मी रोपं म्हशींनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी झाली. आधी छोटे लाल नांगीचे खेकडे आले, त्यांनी चिखल उकरून मऊ केला. मग बगळे आले, म्हणजे खायला काहीतरी होतं. मग तुम्ही तुमचं ग्रे कापड ओढलंत आणि त्यात सात कोलंब्या आल्या. सातच, पण तुम्ही मला त्या प्रत्येक कोलंबीचं वर्णन केलंत. मी ऐकायचो आणि वांग्याची भाजी खायचो. समोर तुम्ही माशाचं डोकं चोखायचात, मुद्दाम आवाज करत. तीन वर्षं, दाजी. भोयाच्या जातीत जन्मून मी इतकी वांगी खाल्ली की माझी बायको म्हणाली, आता तुम्हालाच देठ फुटेल.

मग तुम्ही गेलात. ते कसं झालं हे सगळ्यांना माहीत आहे, मला ते परत लिहायचं नाही.

आपल्या घरातली रीत तुम्हीच मला तुमचे वडील गेले तेव्हा सांगितली होती. दिवसकार्यातली गंधमुक्ती झाली की दुसऱ्या दिवशी नवरा गेलेल्या बाईच्या भावाने मासे आणायचे, घरात पुन्हा मासे शिजवायचे, पहिला घास भावाने खायचा आणि मग तिने. त्यानंतर सुतक संपलं. म्हणजे मी खाल्ल्याशिवाय ताई खाणार नाही, आणि माझी तर शपथ. बायको म्हणाली, शपथ कोणाची आणि रीत कोणाची, गुपचूप एक घास खाऊन टाका. मी म्हणालो, ताईसमोर खोटा घास कसा खाऊ. मग एकच मार्ग होता. परवा गंधमुक्ती उरकली, पाहुणे पांगले, आणि मी तुमची सायकल घेऊन खाडीवर गेलो. तीन वर्षांनी. मनात ठरवलं होतं, नसतील तर नसतील, ताईला हात जोडून सांगेन.

दाजी, मला जागा ओळखू आली नाही. चेर माझ्या छातीला लागत होते. तुम्ही मला सांगत होतात "जरा वाढले." पाणी नुकतंच उतरलं होतं, आणि मुळांच्या पुढच्या चिखलावर लेवटे होते. एक नाही, दोन नाही. पंख उभारून भांडत होते, उडत होते, बिळांत घुसत होते, सगळी गल्ली. मी तिथेच उभा राहिलो. मला वाटलं, हे तुम्ही गेल्यावर आले. मला वाटलं, तुमचं पाहायचं राहून गेलं. आणि मला इतकं रडू आलं की धनीबेन काठी टेकत शेजारी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही.

मी डोळे पुसले. आणि काय झालं मला माहीत नाही, तिच्याकडे न पाहता मी म्हणालो, "धनीबेन, भूल थई मारी. ए पाळो में बांध्यो हतो." म्हातारी हसायला लागली, तोंडाला पदर लावून, पहिल्या दिवशी हसली होती तशीच. म्हणाली, लेवटे तर दोन चोमासे झाले, आले आहेत. तुझ्या दाजीला पहिला लेवटा मीच दाखवला. तो लहान मुलासारखा नाचला आणि मग मला बजावलं, साल्याला सांगायचं नाही. "ए पोते 'भूल थई' बोले, ते दिवसे कहेजे." ज्या दिवशी तो स्वतः म्हणेल की चुकलो, त्या दिवशी सांग.

दोन पावसाळे. म्हणजे गेली दीड-दोन वर्षं तुम्ही दर सुट्टीला पाय धूत मला तोंडावर "अजून नही" सांगत होतात. आणि मला आठवलं, गेल्या दिवाळीनंतर तुमच्या ताटात लेवटे असायचे, खरपूस तळलेले. मी विचारलं होतं कुठले, तर तुम्ही म्हणालात, ओलपाडचे. ओलपाडचे! माझ्या चुकीच्या चिखलातले लेवटे माझ्यासमोर कुरकुर चावत होतात आणि माझ्या ताटात वांगं. मी चिखलात बसलो आणि हसलो. धनीबेन हसली. दोन माणसं एका मेलेल्या माणसाच्या नावाने पोट धरून हसत होती, आणि लेवटे घाबरून बिळांत गेले होते.

घरी निघालो तेव्हा हसू होतं. पण डुमसच्या रस्त्यावर मध्येच सायकल थांबवावी लागली. कारण मला कळलं की तुम्ही मला वांगी खायला लावत नव्हतात. तुम्ही वाट पाहत होतात. मी दर आठवड्याला दारात उभा राहून एक प्रश्न विचारत होतो, आणि तुम्ही त्या प्रश्नात एक शब्द शोधत होतात. मासे सोडणं मला सोपं गेलं. तीन वर्षं सोडले. तो शब्द एकदाही बोललो नाही. आणि तुम्ही रागावला नाहीत, टाकून बोलला नाहीत. पुढच्या सुट्टीला म्हणेल, असं म्हणत राहिला असाल. माणसाची इतकी वाट कोण पाहतं, दाजी? माझी तर माझ्या बापानेही पाहिली नाही.

काल मी मासे घेऊन ताईकडे गेलो. धनीबेनने बोय दिली आणि वर मूठभर लेवटे, तुमच्या चेरांतले. ताईने केले. पानं वाढली. माझ्यासमोर ताट, तिच्यासमोर ताट, तुमच्या जागी कोणी बसलं नाही. ती माझ्या घासाची वाट पाहत होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणालो, ताई, मी चुकलो होतो. तो बांध, ते चेर. दाजी खरं बोलत होते आणि मला तेव्हाच कळलं होतं.

ताईने मान हलवली. तिलाही सगळं माहीत होतं, लेवट्यांचं आणि तुम्ही घातलेल्या अटीचंही. तिनेच तर ते तळले होते. मग तिने विचारलं, "हाई त्यास्ले सांगता उनं नही का तुले?"

"नाही आलं," मी म्हणालो.

मग रीत बाजूला ठेवून तिनेच घास केला, काटा काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आते खाय," म्हणाली. मी खाल्ला, दाजी.